पितळी डब्यातले सदतीस डॉलर: बडोद्यातल्या एका संग्रहाचा लिलाव

2024 च्या जून महिन्यात एका दुपारी मला फोन आला. "काका, मी घडियाळी पोळात सराफाकडे उभा आहे. आजोबांचे डॉलर आणलेत. तीन नाणी प्लास्टिकच्या डबीत आहेत, वजन करायला डबी फोडावी लागेल म्हणतोय. फोडू का?" मी म्हटलं, "हात लावू नकोस, तसाच घरी ये." पुढच्या सहा महिन्यांत जे घडलं ते इथे लिहितो आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी स्वतः तीस वर्षं नाणी जमवतो, व्यापारी नाही. या प्रकरणात माझा सल्ला जिथे चुकला तेही लिहितो, कारण असे डबे बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत आहेत. मुलगा, जावई, दीर कुणीतरी अमेरिकेत राहून आलेला असतो, येताना चार डॉलर घेऊन आलेला असतो.

पार्श्वभूमी

दांडिया बाजारातलं घर. आजोबा कलाभवनातून इंजिनिअर झाले, साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला गेले, नऊ-दहा वर्षं कॅलिफोर्नियात काढून परत आले आणि कोयलीच्या रिफायनरीत लागले. तिकडे असताना त्यांना चांदीच्या डॉलरचा नाद लागला. नाद हा शब्द त्यांचाच. महिन्याच्या पगारातून एखादं नाणं घ्यायचे आणि डायरीत पेन्सिलीने वर्ष, टांकसाळ आणि किंमत लिहायचे. परत आल्यावर सगळं एका पितळी डब्यात गेलं आणि डबा आजींच्या कपाटात.

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आजी 2023 मध्ये गेल्या. मागे तिघं नातवंडं: थोरला, तोच फोन करणारा, त्याला मी इथे दादा म्हणतो, बडोद्यातच, धाकटा पुण्यात, आणि ताई न्यू जर्सीत. जुन्या घराच्या छपराचं काम काढायचं होतं. तिघांनी मिळून ठरवलं की डबा विकायचा आणि पैसे सारखे वाटायचे. भांडण नव्हतं. अडचण एवढीच की डब्यात काय आहे हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढे तिचे पैसे मोजावे लागले. या घरात लक्ष्मीपूजनाला पाटावर चांदीचे डॉलर मांडायची पद्धत होती. आजींनी सुरू केली, वहिनींनी चालू ठेवली. मांडायच्या आधी नाणी चिंच-मिठाने घासून, रांगोळीने लख्ख करायची. ताम्हन-निरांजनाबरोबर तीही चकचकीत व्हायची. वहिनींनी मोठ्या प्रेमाने केलेलं काम हे.

डब्यात काय निघालं

फोन आला त्याच संध्याकाळी दादाच्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून आम्ही डबा उघडला. लीलो चिवडा आणि चहा आधी संपवून हात धुतले. नाणं कडेने धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, एवढा एकच नियम सांगितला. भिंग, सराफी काटा आणि डायरी एवढंच सामान.

सदतीस नाणी होती. बहुतेक मॉर्गन डॉलर, म्हणजे 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 साली पाडलेले, जॉर्ज मॉर्गन या टांकसाळीतल्या कोरक्याच्या नावाने ओळखले जाणारे. वजन 26.73 ग्रॅम, चांदी 90 टक्के, बाकी तांबं. म्हणजे एका नाण्यात शुद्ध चांदी 24 ग्रॅमच्या थोडी वर. नऊ-दहा पीस डॉलर होते. ते पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेची आठवण म्हणून 1921 पासून पाडले, वजन आणि कस तोच. आणि एक ट्रेड डॉलर, चीनच्या व्यापारासाठी 1873 पासून पाडलेला जड डॉलर.

प्लास्टिकच्या डबीतली ती तीन नाणी म्हणजे संग्रहाचा जीव. 1882, 1883, 1884, तिन्ही कार्सन सिटी टांकसाळीची. नेवाडातली ही छोटी टांकसाळ चांदीच्या खाणींच्या अंगणातच होती आणि 1893 नंतर तिथे नाणी पडली नाहीत. 1964 साली अमेरिकन सरकारने लोकांना चांदीचे डॉलर देणं थांबवलं तेव्हा तिजोरीत साधारण 29 लाख उरले होते आणि त्यांतले बहुतेक कार्सन सिटीचेच निघाले. ते कधी बाजारात फिरलेच नव्हते. सरकारने ते कडक प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून 1972 पासून टपालाने विकले. आजोबांनी पहिल्याच फेरीत तिन्ही वर्षांची एकेक डबी मागवली होती, तीस डॉलरला एक. काळे डबे, आत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची छापील सही असलेलं कार्ड, सगळं जागेवर. ते प्लास्टिक सरकारी आहे आणि अखंड आहे, म्हणूनच त्याला किंमत आहे. सराफाने पक्कड घातली असती तर नाणं तेच राहिलं असतं, भाव मात्र पडला असता.

सराफाचा यात दोष नाही. तो दादाला म्हणाला होता, "काका, आ तो चांदी ज छे." त्याच्या धंद्याच्या हिशेबाने ते खरंच आहे.

अडचण

पहिली अडचण पैशांच्या आशेची. घरात पिढीजात समजूत होती की डब्यात एक नाणं "घर घेण्याएवढं" आहे. डायरीत त्याची नोंद होती: "1893, सॅन फ्रान्सिस्को." हे वर्ष आणि ही टांकसाळ चलनासाठी पाडलेल्या मॉर्गन डॉलरमध्ये सर्वांत दुर्मीळ मानतात. फक्त एक लाख नाणी पाडली होती. झिजलेल्या नाण्यालाही अमेरिकेत हजारो डॉलर मिळतात.

ते नाणं काट्यावर ठेवलं. 26.6 ग्रॅम. थोडी झीज धरली तर बरोबर. दादाच्या चेहऱ्यावर हसू आलं. उलट्या बाजूला पुष्पचक्राखाली छोटा एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण, होता. मी भिंग लावलं आणि पहिल्यांदा तो एस पाहिला नाही, समोरची बाजू पाहिली. 1893 सालच्या खऱ्या सॅन फ्रान्सिस्को नाण्यांच्या दर्शनी बाजूसाठी एकच ठसा वापरला गेला आणि त्या ठशात एक दोष होता. मुकुटावरच्या 'लिबर्टी' शब्दातल्या टी अक्षराच्या माथ्यावर एक बारीक तिरकी रेघ उठते. कितीही झिजलेल्या नाण्यावर ती शोधायची असते. इथे टी कोरा होता. दिवा तिरका केला, नाणं फिरवलं, पुन्हा पाहिलं. कोराच. मग मागे जाऊन एस पाहिला. त्याच्या बुडाशी नखाच्या टोकाएवढी एक काळसर कड होती, जशी चिकटवलेल्या वस्तूच्या भोवती असते. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने त्याच वर्षी पावणेचार लाखांहून जास्त डॉलर पाडले आणि त्यांच्यावर खूण नसते. कुणीतरी अशा एका नाण्यावर एस बसवला होता. ही लबाडी अमेरिकेत फार जुनी आहे.

मी हे सांगितलं तेव्हा टेबलावर कुणी बोललं नाही. मग दादाने विचारलं, "म्हणजे आजोबा फसले?" मी म्हटलं, नाणं खरं आहे, चांदी खरी आहे, अक्षर खोटं आहे. त्या वेळी मला याहून चांगलं उत्तर सुचलं नाही.

ट्रेड डॉलरने तेवढाही विचार करायला लावला नाही. खऱ्याचं वजन 27.22 ग्रॅम, नाण्यावरच '420 ग्रेन, 900 फाइन' असं लिहिलेलं असतं. आमचं भरलं 24 च्या आत. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. अशा नकला आजही ढिगाने मिळतात.

दुसरी अडचण घासलेल्या नाण्यांची. 1893 चं सोडून डबीबाहेरच्या बावीस मॉर्गनपैकी चौदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर जात असत. त्यांच्यावर रांगोळीचे बारीक ओरखडे केसांसारखे एका दिशेने पसरले होते. त्यांतलं एक 1878 चं कार्सन सिटीचं होतं. ते घासलेलं नसतं तर संग्रहातलं चौथं चांगलं नाणं ठरलं असतं. टांकसाळीतून निघालेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर धातू वाहिल्याच्या सूक्ष्म रेषा असतात आणि फिरवलं की उजेड त्यांच्यावरून चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलं की त्या रेषा जातात आणि कुठल्याही उपायाने परत येत नाहीत. नाण्याची प्रत ठरवताना मग 'साफ केलेलं' एवढाच शेरा मिळतो. वहिनींना हे मी सांगितलं नाही, दादाने सांगितलं. त्या खूप कष्टी झाल्या. त्यांनी कुणाला विचारायचं होतं? या घरात डॉलर म्हणजे संग्रह आहे हे त्यांना कुणी कधी म्हणालंच नव्हतं.

पाटावर न गेलेल्या आठ नाण्यांपैकी तीन मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत होती आणि पाकिटाचं तेल सुटून त्यांच्यावर हिरवट चिकटा आला होता. यावर उपाय आहे: शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता, काढून वाळवायचं. ॲसिटोन चांदीला काही करत नाही, चिकटा मात्र विरघळतो. खिडक्या उघड्या ठेवून काचेच्या वाटीत मी ते केलं.

एक आनंदाची गोष्टही त्या रात्री निघाली. पीस डॉलरच्या गठ्ठ्यात एक 1921 चं होतं. त्या पहिल्या वर्षी उठाव फार खोल ठेवला होता, ठसे टिकेनात म्हणून 1922 पासून तो कमी केला. त्यामुळे 1921 चं नाणं बोटाखालीही वेगळं लागतं. डायरीत त्याच्यापुढे कसलीही खास खूण नव्हती, आणि घरात कुणी त्याचं नावही काढलेलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सराफाचा. छत्तीस खऱ्या नाण्यांची शुद्ध चांदी सुमारे 866 ग्रॅम. तेव्हा चांदी किलोला नव्वद हजारांच्या आसपास होती, म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजारांचा माल. घट आणि त्याचा नफा धरून सराफ सत्तर हजार देत होता, रोख, त्याच दिवशी. छपराचा मिस्त्री आगाऊ रक्कम मागत होता, त्यामुळे ही मागणी किती मोठी वाटत असेल ते मी समजू शकतो.

दुसरा पर्याय ताईचा. "मी दिवाळीत येतेच आहे. हँडबॅगेत घालून नेते, इकडे विकते. नाणी अमेरिकेचीच आहेत, अमेरिकेतच परत जातील." ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू व कलाठेवा कायदा आहे. त्यात शंभर वर्षं जुनं नाणं हे पुरावस्तूत धरलं आहे. ते कुठल्या देशाने पाडलं याला तिथे सूट नाही. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि नेताना सापडल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वकिलांनी हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ताई काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, नको ग बाई."

याच कायद्याने तिसरा रस्ताही बंद केला. नाणी अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे नाण्याची प्रत ठरवून देणाऱ्या कंपनीकडे, पाठवून सीलबंद करून घ्यावीत असं धाकट्याच्या एका मित्राने सुचवलं होतं. परत येणार असली तरी ती देशाबाहेर जाणारच.

चौथा, एखाद्या व्यापाऱ्याला सगळा डबा एकरकमी द्यायचा. दोन व्यापाऱ्यांना फोटो पाठवले. एकाने फक्त तीन डब्या मागितल्या. दुसऱ्याने सगळ्याचे एक लाख सांगितले, पण 1893 चं नाणं त्यात "जसं आहे तसं" हवं म्हणाला. का हवं होतं ते उघड आहे.

पाचवा, देशातल्या देशात लिलाव. मुंबई, बंगळूर, अहमदाबाद इथे परवानाधारक लिलावगृहं आहेत. वेळ लागणार, कमिशन जाणार, भावाची खात्री नाही. पण बोली लावणारे नाणं ओळखणारे असतात.

आम्ही काय ठरवलं आणि कसं

तिघांनी लिलाव ठरवला. मुंबईतलं एक लिलावगृह निवडलं, कारण त्यांच्या आधीच्या सूचीत परदेशी नाण्यांचा वेगळा विभाग होता. अहमदाबाद जवळ पडलं असतं, पण तिथे आम्ही पाहिलेल्या सूचीत भर मोगल आणि संस्थानी नाण्यांवर होता. डॉलरवाला गिऱ्हाईक संस्थानी रुपयांच्या गर्दीत येत नाही.

पाठवण्याआधी दोन आठवडे आम्ही यादी केली. या कामात मी जेवढा वेळ घालवला तेवढा पुढे कशातच नाही. प्रत्येक नाण्याला क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, डायरीतली नोंद. डबीतली नाणी वजन न करता. डायरीच्या संबंधित पानांचेही फोटो. आजोबांच्या हस्ताक्षरातली ती डायरी म्हणजे नाणी कुठून आली याचा एकमेव कागद. तिघांनी वारस म्हणून सह्या केलेलं संमतीपत्र जोडलं, ताईचं तिकडून नोटरी होऊन आलं.

मग 1893 चा प्रश्न आला. दादा म्हणाला, "काका, आपण फक्त फोटो देऊ. आपण थोडेच तज्ज्ञ आहोत? काय आहे ते त्यांनी बघावं." या क्षणी मी आवाज चढवला, हे कबूल करतो. आपल्याला जे माहीत झालंय ते न सांगता नाणं पुढे सरकवणं म्हणजे ज्याने आजोबांना फसवलं त्याचं काम पुढे चालवणं, असं मी बोललो. शब्द कडक होते. दादाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूरसागरच्या कडेने चालताना तोच म्हणाला, "पत्रात लिहून टाका. एस नंतर बसवलेला वाटतो, असं लिहा." तसं लिहिलं. ट्रेड डॉलर यादीतच घेतला नाही.

ऑगस्टमध्ये मी आणि दादा गुजरात मेलने मुंबईला गेलो. बॅग रात्रभर दादाच्या उशाखाली होती. लिलावगृहातल्या तज्ज्ञाने पत्र वाचलं, 1893 भिंगाखाली धरलं आणि दोन मिनिटांत परत केलं. बदल केलेलं नाणं ते घेत नाहीत. मग म्हणाला, "बाकीच्यांचं वर्णन तुम्ही लिहिलंय तेच घेतो, फार थोडं बदलेन." आमच्या यादीतली वाक्यं छापील सूचीत जवळजवळ तशीच आली, घासलेल्या नाण्यांचा शेराही.

पीस डॉलरबद्दल ताईने मध्येच एक विनंती केली. तिला एक आठवण हवी होती. त्या गठ्ठ्यातलं एक 1926 चं होतं, 2024 साली अठ्ठ्याण्णव वर्षांचं. म्हणजे तेव्हा पुरावस्तू नव्हतं. वयाचा पुरावा नाण्यावरच कोरलेला. तरी वकिलांनी सांगितलं, विमानतळावर वाद घालण्यापेक्षा पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घेऊन मगच न्यावं. ते नाणं यादीतून काढलं आणि पीस डॉलरचा लॉट, म्हणजे एकत्र बोली लागणारा गठ्ठा, आठचा झाला.

लॉट पाडणं आणि राखीव किंमत

इथे माझं चुकलं. तीन डब्या वेगवेगळ्या लॉटमध्ये, 1921 चं खोल उठावाचं वेगळं, 1878 चं घासलेलं कार्सन सिटी वेगळं, हे ठीक होतं. पण न घासलेले आठ मॉर्गन मी एकाच लॉटमध्ये घालायला सांगितले. मला वाटलं, आठ चांगली नाणी एकत्र दिसली की बोली चढेल. आणि 1883 च्या डबीला मी पंचवीस हजारांची राखीव किंमत ठेवायला लावली, तिच्या दोन्ही बहिणींना बावीस. कारण काय, तर तिचं नाणं मला सर्वांत देखणं वाटलं होतं. नाण्याच्या गालावर डागसुद्धा नव्हता. पण राखीव किंमत म्हणजे ज्याच्या खाली विकणार नाही तो आकडा. मी तो आवडीने ठरवला, मागच्या लिलावांत तसल्या डब्यांना इथे काय मिळालं ते पाहून नाही.

निकाल

लिलाव हिवाळ्यात झाला. दादा आणि मी घरूनच ऑनलाइन पाहत होतो, धाकटा पुण्याहून, ताई पहाटे उठून. 1882 ची डबी सत्तावीस हजारांना गेली, 1884 ची सव्वीस. 1883 ला बोली बावीसपर्यंत आली आणि थांबली. राखीव किंमत गाठली नाही म्हणून लॉट परत. खोल उठावाच्या 1921 ने साडेसोळा हजार घेतले, घरातल्या सगळ्यांना त्याचंच नवल वाटलं. 1878 चं घासलेलं साडेआठ हजार. आठ मॉर्गनचा लॉट चोवीस हजारांच्या राखीव किमतीवर फक्त एक बोली चढून पंचवीसला तुटला. घासलेले तेरा साडेबत्तीस हजार, म्हणजे चांदीच्या भावाच्या जरा वर. आठ पीस बावीस हजार.

दुसऱ्या दिवशी लिलावगृहाचा फोन आला. 1883 साठी एका बोलीदाराने साडेएकवीस देऊ केले होते, म्हणजे लिलावात थांबला त्याहून पाचशे कमी. तिघांनी तासाभरात होकार दिला.

एकूण एक लाख एकोणऐंशी हजार. दहा टक्के कमिशन आणि त्यावरचा जीएसटी जाऊन एक लाख सत्तावन्न हजार आठशेच्या आसपास हाती आले, प्रत्येकी सुमारे बावन्न हजार सहाशे. पैसे यायला दीड महिना लागला आणि मिस्त्रीची आगाऊ रक्कम दादाने तोवर स्वतःच्या बचतीतून दिली. ताईचा वाटा तिच्या इथल्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या बँक खात्यात, गेला. सीएंच्या मते असा संग्रह ही घरगुती वापराची वस्तू नव्हे, भांडवली मालमत्ता. नाणी 2001 च्या आधीची असल्याने 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य धरून नफा काढला आणि तिघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवला.

आता मागे वळून पाहताना

आठ मॉर्गनचे आठ लॉट, निदान चार जोड्या, करायला हव्या होत्या. नंतर कळलं की त्या दिवशी दोन संग्राहक एकेका वर्षाच्या नाण्यासाठी बसले होते. त्यांना आठ नको होती. आठ घेणारा फक्त व्यापारी असतो आणि तो सुटी करून विकण्याचा नफा आधीच वजा करून बोली लावतो. 1883 चे निदान साडेचार-पाच हजार माझ्या आवडीने घालवले असं मी धरतो. राखीव किंमत बावीस असती तर बोली तिथे थांबली नसती, बहुधा पुढे गेली असती, कारण दोघे बोली लावत होते.

सर्वांत मोठा निर्णय मात्र लिलावाच्या कितीतरी आधी, घडियाळी पोळातल्या त्या काउंटरवर झाला. सराफाचे सत्तर हजार आणि हाती आलेली रक्कम यांच्यातल्या फरकाचा मोठा भाग त्या तीन न फोडलेल्या डब्यांचा आहे. उरलेला भाग यादीचा. घासलेल्या तेराला प्रत्येकी अडीच हजार आले, न घासलेल्या आठाला, चुकीच्या लॉटमध्येही, तीन हजारांच्या वर.

दादाशी मी ज्या शब्दांत बोललो ते मी आज वेगळं बोललो असतो. म्हणणं तेच असतं. पण ज्याला नुकतंच कळलंय की आपले आजोबा फसले होते, त्याला एक दिवस द्यायला हवा होता. तो एक दिवस त्याने स्वतःच घेतला.

या सगळ्यात एक गोष्ट मी तिघांना सांगितली, ती इथेही लिहितो. 1918 साली हिंदुस्थानात रुपयांसाठी चांदी कमी पडली. लोक नोटा घेऊन रुपये मागायला येत होते. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून चांदीचे सत्तावीस कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यांतल्या जवळजवळ सव्वीस कोटींची चांदी ब्रिटिशांना विकली, ती हिंदुस्थानात येऊन तिचे रुपये पडले. आजींच्या कपाटात पंचम जॉर्जचे काही रुपये आहेत, 1918 आणि 1919 चे. ते विकायला काढले नव्हते. दादाने ते बाहेर काढून बराच वेळ हातात धरले.

1893 चं नाणं घरातच आहे. लक्ष्मीपूजनाला वहिनींनी ते एकटंच पाटावर मांडलं, न घासता, काळपट तसंच. ताईच्या 1926 च्या डॉलरसाठी प्रमाणपत्राचा अर्ज केलाय. ते दादाच्या कपाटात, कापसात गुंडाळून ठेवलं होतं. कापूस काढून कागदी पाकिटात ठेवायला मी परवा सांगितलं.